घटत्या अंगाचं चिलखत

माझ्या थोरल्या मावशीनं आयुष्यभर एकाच माणसाला लढाईवर पाठवलं. त्याला चिलखत चढवायचं, पट्टे आवळायचे, पाठीवर थाप मारायची आणि म्हणायचं, "जा, आणि बाहीला नाक पुसू नका." तो जायचा, शत्रूला मारायचा, मित्राला मुकायचा, आणि परत आला की मावशी आधी चिलखताकडे बघायची, मग त्याच्याकडे.

मावशी नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळते. कंपनीचं मोठं नाटक एकच, एका जुन्या महाकाव्यावर बेतलेलं. ते इतकी वर्षं चाललंय, की पहिल्या प्रयोगातली राजकन्या आता राजमाता करते आणि तेव्हाची राजमाता घरी नातवंडं खेळवते. गोष्ट साधी आहे. नगराची मोठी घंटा शत्रू पळवून नेतो. वीर ती परत आणायला निघतो, सोबत त्याचा सारथी. घंटा मिळते, पण सारथी मरतो, आणि वीर त्याला घेऊन घरी येतो. यावर विद्वानांनी जाडजूड ग्रंथ लिहिलेत म्हणे. मावशीला विचारलं तर ती महाकाव्य असं सांगते: "पहिल्या सर्गात कोरे कपडे. दुसऱ्यात चिखल. तिसऱ्यात रक्त. चौथ्यात रक्तावर चिखल. शेवटी राख. राख झटकली की जाते, रक्ताला साबण लागतो." आणि हे सगळं तिनं कायम बाजूनं बघितलंय, विंगेत उभं राहून. वीराचा डावा गाल तिला तोंडपाठ आहे. उजवा कसा दिसतो ते तिला प्रेक्षकांना विचारावं लागेल.

कंपनीच्या आधी ती शाळेचे गणवेश शिवायची. पोरं उंच होतात, बाप वैतागतात, म्हणून सगळं वाढत्या अंगाचं शिवायचं, खांद्यात दोन बोटं, लांबीत चार बोटं, असा हात तिला तिथं लागला. कंपनीत आली ती वीराची विजार उसवून सैल करायला, आणि राहिली. नटमंडळी तिला टरकून असतात. माप देताना कुणी पोट आत ओढलं की ती टेप तशीच धरून उभी राहते. "मी थांबते. तुम्ही कधीतरी श्वास सोडालच."

वीराचं काम करणाऱ्याला सगळे नायकच म्हणत. देह दाराएवढा, आणि आवाज असा, की साधं पाणी मागितलं तरी युद्ध पुकारल्यासारखं वाटावं. "बाई. पाणी. आहे का." तिन्ही तुकडे वेगवेगळे, प्रत्येकावर नगारा. आणि दिग्दर्शक नेमका उलटा, बारीक, नाकातून बोलणारा, प्रत्येक वाक्य "मुळात काय आहे" नं सुरू करणारा. त्यामुळे त्याचं नाव मुळातसाहेब पडलं. आमच्या घरात तर नुसतंच मुळात.

दर हंगामाच्या पहिल्या तालमीला मुळातसाहेब वीराची लक्षणं सांगायचे. "मुळात काय आहे, महाकाव्याचा वीर हा तुमच्याआमच्यासारखा नसतो. तो आपला पराक्रम आपल्या तोंडानं सांगतो, त्याला संकोच नाही. पण दुखणं? दुखणं तो सांगत नाही. जखम झाली तर वरून वस्त्र बांधतो आणि लढतो. आणि मुळात तो कुणाला हाक मारत नाही. त्याला लोक हाक मारतात."

सारथ्याचं काम करणारा गोलमटोल गडी मागून पुटपुटायचा, "शिवाय वीराला भूक लागत नाही. म्हणून आपला चहा अजून आलेला नाही."

सगळे हसायचे. नायक हसायचा नाही. तो ते ऐकून घ्यायचा, मान हलवत, जणू कुणी त्याच्या घराण्याची माहिती सांगतंय.

गेल्या हंगामाच्या शेवटी एका संध्याकाळी मावशी त्याच्या कमरेचा पट्टा आवळत होती. बक्कल शेवटच्या भोकात घातलं तरी पट्टा खाली घसरला. तिनं वर ओढला, तो परत घसरला.

"बाई," नायक आरशातून म्हणाला, "कपडा धुतल्यावर आटतो ना?"

"आटतो."

"मग हा वाढतोय कसा?"

मावशीनं टेप काढली, त्याच्या छातीभोवती घेतली आणि आकड्याकडे बघून परत गुंडाळून ठेवली. सदऱ्याच्या गळ्यातून त्याची हाडं दिसत होती. ती याआधी तिनं कधी पाहिली नव्हती.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"पोटात काहीतरी आहे म्हणतात. मी म्हटलं, जागा भरपूर आहे, राहू दे त्याला."

"नायक, मी चेष्टा करत नाहीये."

"मग ऐका. धावायचं नाही, वजन उचलायचं नाही, दगदग करायची नाही. जगायचं नाही असं तोंडावर म्हणायला त्यांना जड जातं, म्हणून एवढं लांबण." मग त्याचा आवाज उतरला. नगारा नव्हता त्यात, साधा म्हातारा होत चाललेल्या माणसाचा आवाज होता. "मुळातला कळलं तर तो उद्या दुसरा नायक आणेल. आणायलाच हवा, त्याचं चुकणार नाही. पण बाई, मला घरी बसवलं तर मी तिथं करू काय? आमच्याकडे घंटासुद्धा नाही कुणी चोरून न्यायला."

त्यानं तिच्याकडून शब्द घेतला, कुणालाही सांगायचं नाही. तिनं दिला. मावशी शब्द सहजी देत नाही. दिला की मग तो तिच्या गळ्यातच अडकतो.

दुसऱ्या दिवशीपासून ती भर घालायला लागली. आत घालायची सुती बंडी घेतली, तिच्यात कापूस भरून बारीक टाके घातले. खांद्यांवर जाड नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे, दोन थर, दंडांना फोम. चिलखत म्हणजे रेक्झिनवर शिवलेले पत्र्याचे खवले. त्याच्या बगला उसवून आत मोकळी जागा केली. चेहऱ्याला दाढी लावलेली असायची, त्यामुळे गालांची काळजी नव्हती. घरून येताना नायक ढगळ कोट घालून सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळे गेल्यावर निघायचा. तालमीलाही तो चिलखत घालून उभा राहू लागला. कुणी विचारलं तर, "वीर शस्त्रांशिवाय उभा राहत नाही," असं त्याच आवाजात. यावर कोण काय बोलणार?

इथं मावशीची चूक झाली, आणि ती तिच्याच हातून होऊ शकत होती. गणवेशांनी तिच्या हाताला पुढचं बघून शिवायची सवय लावलेली. पोर वाढणार म्हणून कपडा मोठा. इथं माणूस घटणार, म्हणून तिनं भर जास्त घातली. आजच्या अंगाला नाही, पुढच्या महिन्याच्या अंगाला पुरेल एवढी. म्हणजे घटत्या अंगाचं शिवलं. पुढच्या महिन्यात ते बरोबर दिसलं असतं. पण त्या आठवड्यात नायक रंगमंचावर आला तो गेल्या दहा वर्षांत दिसला नव्हता एवढा रुंद. नुसत्या प्रवेशाला टाळी पडली. विंगेत मावशीनं कपाळावर हात मारला.

मुळातसाहेब मध्यंतरातच धावत आले. "मुळात काय आहे, नायक, तुम्ही व्यायामशाळा लावलीत का? आणि सांगितलं नाहीत."

"वीर सांगत नाही," नायक म्हणाला.

त्यावर मुळातसाहेब इतके खूश झाले की त्यांना झोप लागली नसावी. कारण नव्या हंगामाच्या पहिल्याच तालमीला त्यांनी जाहीर केलं की शेवटचा प्रवेश बदलायचा. तोवर नाटकात मेलेल्या सारथ्याला शिपाई फळीवर घालून न्यायचे. "पण मुळात काव्यात काय आहे? काव्यात वीर आपल्या सारथ्याला स्वतःच्या खांद्यावर नेतो. नगराच्या पायऱ्या चढून. घंटा मागून बैलगाडीत येते, सारथी मात्र खांद्यावर. महाकाव्य तिथं आहे, घंटेत नाही. इतकी वर्षं आपण टाळलं. आता नायक असे भरलेत की दोन सारथी उचलतील."

"तीन," नायक म्हणाला.

सारथी म्हणाला, "मला कुणी विचारा की. माझं वजन मला माहितीये."

"तू मेलेला आहेस," मुळातसाहेब म्हणाले. "मेलेल्याला विचारत नाहीत."

तालमीत नायकानं सारथ्याला खरंच उचललं. खांद्यावर घेतला, लाकडी पायऱ्यांपर्यंत गेला, एक पायरी चढला आणि "पुढचं प्रयोगात" असं गरजून त्याला खाली ठेवला. सगळ्यांना ते फार रुबाबदार वाटलं. मग तो कपडेपटात आला, दार लावलं आणि इस्त्रीच्या टेबलाला धरून उभा राहिला. मावशीनं बक्कलं सोडली तेव्हा बंडी घामानं निथळत होती आणि त्याचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. राख लावायचा प्रवेश तर अजून आलेला नव्हता.

"हे मी केलं," मावशी म्हणाली. "माझ्या कापसानं केलं. तुम्ही त्याला सांगा."

"नाही."

"पायरीवरून पडलात तर?"

"बाई, पाचव्या सर्गात वीराच्या बरगडीत बाण असतो. तो वरून शेला बांधतो आणि..."

"आणि सारथ्याला सांगत नाही, म्हणून सारथी रथ दगडांवरून नेतो, जखम फाटते, आणि ते दोघं मागे पडतात. म्हणून सारथी मरतो. रोज तुम्हीच म्हणता ते कडवं. मला काय, मी नुसती उभी असते बाजूला. पण कान आहेत मला."

नायक टेबल सोडून ताठ उभा राहिला. मग म्हणाला, "तो वीर आहे म्हणून लपवतो, की लपवतो म्हणून लोक त्याला वीर म्हणतात, हे मला अजून कळलेलं नाही. कळेपर्यंत मला उभं राहू द्या."

त्या आठवड्यात मावशी घरी जेवायला बसायची आणि भात चिवडत राहायची. मावशीनं काही सांगितलं नव्हतं, पण ती बंडी घरी शिवताना बघून आईनं ओळखलं होतं. आई म्हणाली, "ताई, सरळ जाऊन सांग त्या मुळातला."

"शब्द दिलाय."

"शब्द मोठा की माणूस मोठा?"

"तू पण आता सर्गात बोलायला लागलीस," मावशी म्हणाली आणि ताट सरकवून उठली. आईनं माझ्याकडे असं बघितलं, की मी तोंड उघडायच्या आतच गप्प बसले.

पण मावशीनं जे केलं ते शब्द न मोडता केलं. सांगायचं नाही असा शब्द होता. शिवायचं नाही, उसवायचं नाही, असा नव्हता. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी ती सकाळीच थिएटरात गेली. बंडी उसवून सगळा कापूस बाहेर काढला. नमदा काढला, फोम काढला. मग चिलखताच्या बगला आत घेतल्या, खांदे कापून आत वळवले, खवल्यांची एक ओळ काढून पुन्हा टाचली, पट्ट्याला नवी भोकं पाडली. इतकी वर्षं शिवून तिच्या बोटांना सुई टोचत नाही, त्या दिवशी टोचली. दुपारी नायक ढगळ कोटात आला तेव्हा चिलखत खुंटीवर होतं. ते बघूनच तो थांबला. खुंटीवरचं चिलखत एखाद्या किडकिडीत पोराचं दिसत होतं.

"हे काय?"

"तुमचं."

"बाई, तुम्ही मला लोकांसमोर नागडं करताय."

"नागडं नाही. बेतशीर. याच्या आत तुम्ही आहात तेवढेच मावता, एक बोटही जास्त नाही." मावशीनं चिलखत खुंटीवरून काढून त्याच्यापुढे धरलं. "घालायचं तर घाला. नाही तर कोट घालून घरी जा, मी सांगेन तब्येत बरी नाही, ते खोटंही होणार नाही. पण त्या कापसात घालून मी तुम्हाला पायऱ्यांवर पाठवणार नाही. माणसाला मारायला मी नोकरी धरलेली नाही."

तो रागावला. खरा राग, नाटकातला नाही, कारण खऱ्या रागात त्याचा आवाज बारीक झाला. तो म्हणाला की इतक्या वर्षांत त्याला कुणी एवढं दुखावलं नव्हतं. मावशी म्हणाली, "बरं." तो म्हणाला की तिनं विश्वासघात केला. मावशी म्हणाली, "तेही बरं." मग तो पाठ करून बसला. पहिली घंटा झाली. बाहेर कुणीतरी नायक कुठंय म्हणून ओरडलं. आणि त्यानं, आरशाकडे न बघता, दोन्ही हात वर केले. चिलखत डोक्यावरून घालायचं असलं की तो तसे करायचा.

तिनं ते चढवलं. पट्टा बरोबर बसला. त्या दिवशी पाठीवर थाप मारायची तिला हिंमत झाली नाही.

आई आणि मी प्रेक्षकांत होतो. वीराचा प्रवेश झाला आणि सभागृहात कुजबूज पसरली. मागच्या रांगेतला एक गृहस्थ बायकोला म्हणाला, "अगं, हा तो नव्हे. हा त्याचा धाकटा भाऊ असेल." आवाज मात्र तोच होता. त्या आवाजाला ते अंग पुरत नव्हतं, असं वाटत होतं. विंगेत मुळातसाहेबांची अर्धी बाजू दिसत होती, आणि ती हलत नव्हती. पण पडदा उघडलेला असताना कुणी कुणाला काय विचारणार? प्रयोग पुढे गेला. बाण लागला, शेला बांधला, रथ दगडांवरून गेला. आता पहिल्यांदा तो बाण खरा वाटला, कारण ज्याला लागला तो माणूस मोडू शकेल असा दिसत होता.

मग सारथी मेला. वीर त्याच्याशेजारी वाकला, एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली घातला. शिपायांनी फळी आणलीच नव्हती, नव्या बेतात ती नव्हती. वीरानं जोर लावला. सारथ्याचे खांदे जरासे उचलले गेले आणि परत टेकले. पुढच्या रांगांना ऐकू गेलं असेल, कारण आम्हाला गेलं. मेलेला सारथी ओठ न हलवता म्हणाला, "दादा, मी उठू का?"

कुणी हसलं नाही.

वीर खाली बसला. मांडी घालून नाही, पाय गळाल्यावर माणूस बसतो तसा. त्यानं सारथ्याचं डोकं मांडीवर घेतलं. पायऱ्या चढताना म्हणायच्या ओळी त्यानं बसूनच म्हटल्या.

"तुझा भार मज नाही, गड्या, तुझा भार नाही,
भार उरल्या वाटेचा, जी तुजविण पुढे जाई."

गरजून नाही. शेजारच्या माणसाशी बोलावं तसं. पुढच्या ओळीत वीर उठून चालू लागतो. त्यानं ती ओळ म्हटलीच नाही. तो विंगेकडे वळला, डाव्या बाजूला, जिथं मावशी उभी असते, आणि काव्यात नसलेलं, कुठल्याच सर्गात नसलेलं वाक्य बोलला.

"या रे कुणीतरी. मला एकट्याला जमत नाही."

मग जे जवळ होते ते आले. जवळ होते शत्रूचे शिपाई, लाल पट्ट्यांचे, दोन प्रवेशांपूर्वी मारले गेलेले. मागून नगराचे शिपाई आले, मग राजमाता, नेसूचं सावरत. सगळ्यांनी मिळून सारथ्याला उचललं. शत्रूनं डोकं धरलं, आपल्यांनी पाय. तो गोलमटोल गडी डोळे मिटून पडला होता आणि त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं. मेलेल्याला ते चालतं की नाही कोण जाणे. वीर उठला, त्यांच्या मागून चालला, आणि पायऱ्या चढेपर्यंत त्याचा हात सारथ्याच्या पावलावर होता.

पडदा पडला. आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं उमटली.

आम्ही कपडेपटात पोचलो तेव्हा मुळातसाहेब दारात उभे होते. "मुळात," ते म्हणाले, आणि पुढे काही नाही. परत म्हणाले, "मुळात." मग मावशीला विचारलं, "कधीपासून?"

मावशीनं नायकाकडे बघितलं. शब्द अजून तिच्या गळ्यात होता.

"गेल्या हंगामापासून," नायक म्हणाला. "बाईंना मीच सांगितलं होतं, सांगायचं नाही. पोटात आहे. बरं होणारं नाही. तुम्ही दुसरा नायक बघा. तो तयार होईपर्यंत मी उभा राहतो, आजच्यासारखा. पडलो तर हे आहेतच." हे म्हणताना त्यानं शत्रूच्या शिपायांकडे बोट दाखवलं. ते दाराबाहेर घोळका करून उभे होते.

सारथी त्यांच्यातून वाट काढत आत आला, चेहऱ्यावरची राख ओघळलेली. "मला माहीत होतं दादा. मागे तुम्ही मला मिठी मारलीत ना, तेव्हा कळलं. नुसतं चिलखत होतं. आत कुणी लागलंच नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"मेलेल्याला कुणी विचारत नाही."

नायक हसला. खूप दिवसांनी, आणि हसताना पोट धरून, आणि यावेळी दुखलं ते लपवलं नाही. मुळातसाहेब खाली बसले, इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर, आणि डोळे पुसायला जवळचं जे मिळालं ते घेतलं. ती राजमातेची शाल होती. मावशीनं बघितलं आणि काही बोलली नाही. आजवर तिनं एवढं कुणाचं सोसलं नव्हतं.

हळूहळू सगळे पांगले. मावशी पट्टा सोडायला वाकली. चिलखत उतरलं, आणि ते इतकं हलकं झालं होतं की तिनं ते एका हातानं खुंटीला लावलं.

नायक सदऱ्याच्या बाह्या खाली घेत होता. "तुमच्यावर माझा राग अजून आहे," तो म्हणाला.

"असू दे."

त्यानं ढगळ कोट चढवला. मग म्हणाला, "बाई, पुढच्या आठवड्यापर्यंत हे परत ढिलं होईल."

"होईल."

"मग आत घ्याल ना?"

"घेईन," मावशी म्हणाली. "तुम्ही फक्त येत राहा."